थंड इंजिनाचे चाळीस सेकंद

दोन वर्षांपूर्वीची जानेवारीतील एक सकाळ. स्थळ लोणावळा. तुंगार्लीच्या बाजूला उतारावर बांधलेल्या एका घराच्या अंगणात आमच्या एका स्नेह्यांची जुनी मोटार रात्रभर उघड्यावर उभी होती. मोटार १९५०च्या सुमाराची, दोन आसनांची, इंग्लंडमध्ये बनलेली. हिला त्या काळी ‘स्पोर्ट्स कार’ म्हणत. चार सिलिंडरांचे इंजिन आणि त्यांना पेट्रोल पुरवणारे दोन कार्ब्युरेटर. आदल्या दिवशी पुण्याहून वडगाव, कामशेत, मळवली असे करीत ती विनातक्रार आली होती. आता मात्र भिंतीवरचा तापमापक ११ अंश दाखवीत होता, टपावर दव साचले होते, आणि मोटार सुरू होत नव्हती.

स्नेह्यांनी चोकची मूठ पूर्ण ओढून स्टार्टर दाबला. इंजिन फिरले, दोन-चार आचके दिले आणि गप्प झाले. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळी आचकेही थांबले. अकरावीत शिकणारा त्यांचा भाचा म्हणाला, “मामा, आमच्या गाडीला तर असलं काही ओढावंच लागत नाही. बटण दाबलं की सुरू.”

त्याचे म्हणणे खरे होते. आणि आम्हाला वाटले, की गेल्या सव्वाशे वर्षांच्या मोटारविद्येचा बराचसा इतिहास या एका वाक्यात दडला आहे. चोक नावाची मूठ का आली, ती का गेली आणि जाताना तिने आपल्याला काय शिकवले, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

द्रव जळत नाही, वाफ जळते

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. काटेकोरपणे पाहिले तर द्रव पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ, आणि तीही ठरावीक प्रमाणात असेल तरच. हवेच्या आकारमानात पेट्रोलची वाफ सुमारे दीड टक्क्याहून कमी असेल, तर ठिणगी पडूनही ज्योत पसरत नाही. ती साडेसात टक्क्यांच्या वर गेली, तरीही नाही. वजनाच्या हिशेबाने पाहिले, तर एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते.

येथे एक शंका येते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. मग ११ अंश तापमानात अडचण कसली? उत्तर असे, की उघड्या भांड्यातील पेट्रोलपाशी वाफ साचायला भरपूर वेळ असतो. इंजिनात तो नसतो. स्टार्टरने फिरणारे इंजिन मिनिटाला सुमारे १२० फेरे घेते असे धरू. हवा आत ओढण्याचा टप्पा अर्ध्या फेऱ्याचा, म्हणजे पाव सेकंदाचा. एवढ्या वेळात पेट्रोलच्या थेंबांतून पुरेशी वाफ निघाली पाहिजे.

शिवाय पेट्रोल हा एक पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील सर्वांत हलके घटक ३० अंशांच्या आसपास उकळतात, तर जड घटकांना २०० अंश लागतात. तापलेल्या इंजिनात साऱ्यांचीच वाफ होते. थंड इंजिनात फक्त हलक्यांची. उरलेले पेट्रोल नळीच्या भिंतीवर ओलाव्यासारखे चिकटून राहते.

त्यात आणखी एक भर पडते. एक किलो पेट्रोलची वाफ होण्यास सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती आजूबाजूच्या हवेतूनच घेतली जाते. एक किलो पेट्रोलबरोबर १४.७ किलो हवा आत जाते आणि एक किलो हवा एक अंशाने निवण्यास साधारण एक किलोज्यूल काढून घ्यावा लागतो. म्हणजे सगळ्या पेट्रोलची वाफ झाली, तर ती हवा ३५० भागिले १४.७, म्हणजे सुमारे २४ अंशांनी निवेल. पेट्रोलची वाफ होण्याची क्रियाच पुढच्या वाफेचा मार्ग अडवते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने सकाळी इंजिन अडते.

यावर उपाय एकच. दिलेल्या पेट्रोलपैकी थोड्याच भागाची वाफ होणार असेल, तर पेट्रोलच कित्येक पट द्यायचे, म्हणजे त्यातला हलका भाग तरी पुरेसा होईल. १४ भाग हवेऐवजी चार-पाच भाग हवेला एक भाग पेट्रोल, प्रसंगी त्याहूनही जास्त. चोक ओढणे याचा अर्थ हाच.

औषधाच्या दुकानातील इंधन

१८८६ मध्ये जर्मनीत कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्या मोटारीत पेट्रोलचा फवारा उडत नव्हता. भांड्यातील इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जाई आणि जाताना वाफ बरोबर नेई. इंधन होते लिग्रॉइन. ते डाग काढण्यासाठी औषधांच्या दुकानांत मिळे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल यांच्या पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्त्सहाइमला याच धर्तीच्या मोटारीने गेल्या. सुमारे शंभर किलोमीटरच्या त्या प्रवासात त्यांनी वीस्लोख गावच्या औषधांच्या दुकानातून लिग्रॉइन विकत घेतले, आणि तुंबलेली इंधननळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. मोटारीच्या इतिहासातील पहिला लांबचा प्रवास आणि वाटेतली दुरुस्ती, दोन्हींचा मान या बाईंकडे जातो.

पृष्ठभागावरून वाफ नेण्याच्या पद्धतीत दोष होता. हलके घटक आधी उडून जात आणि जड घटक भांड्यात उरत. सकाळ जितकी थंड, तितकी वाफ कमी. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत, तर डोनाट बान्की आणि यानोश चोन्का यांनी हंगेरीत, इंधन बारीक छिद्रातून फवारण्याची युक्ती स्वतंत्रपणे वापरली. एका थेंबाचे हजार थेंब केले, की आकारमान तेवढेच राहून पृष्ठफळ दसपट होते आणि वाफही त्याच हिशेबाने वाढते.

फवारा उडवायला जोर कोठून आणायचा? तो हवेनेच दिला. डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ मध्ये आणि जोव्हान्नी वेंतुरी यांनी १७९७ मध्ये वाहत्या द्रवांविषयी जे लिहिले होते, ते येथे कामी आले. नळी जेथे अरुंद, तेथे प्रवाहाचा वेग जास्त आणि दाब कमी. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलचे छिद्र ठेवले, की बाजूच्या वाटीतील पेट्रोल त्या कमी दाबाकडे आपोआप ओढले जाते. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, हवा कमी तर पेट्रोल कमी.

या सुंदर यंत्राची एक उणीव मात्र थंड सकाळीच उघडी पडते. गळ्यातील दाबाची घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. रस्त्यावर २४०० फेरे घेणारे इंजिन स्टार्टरवर १२० फेरे घेते, म्हणजे हवेचा वेग एक विसांश होतो. दाबाची घट होते एक चारशेअंश. ज्या वेळी पेट्रोल सर्वांत जास्त हवे, नेमक्या त्याच वेळी ते ओढण्याचा जोर सर्वांत कमी. म्हणून हवेच्या वाटेत आणखी एक झडप बसवली गेली. ती मिटली की वरून हवा येणे जवळजवळ बंद होते, इंजिनाची सारी ओढ पेट्रोलच्या छिद्रावर पडते. गळा आवळायचा, म्हणून नाव ‘चोक’.

इंग्लंडमध्ये जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी वेगळा विचार केला. गळा कायमचा अरुंद कशाला? तो इंजिनाच्या गरजेप्रमाणे लहानमोठा होऊ द्यावा. त्यांचे घराणे पादत्राणांच्या व्यवसायातले. १९०५ च्या सुमाराच्या त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरात चामड्याचा लहानसा भाता होता. पुढे त्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. दट्ट्याला खालून एक निमुळती सुई जोडलेली असते आणि ती पेट्रोलच्या छिद्रात वरखाली होते. १९१० मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीचे नाव ‘एसयू’. पुढे अनेक इंग्लिश स्पोर्ट्स कारांवर या कार्ब्युरेटरांच्या जोड्या बसल्या. त्यात गळा आवळणारी झडप नसते. चोकची मूठ ओढली, की पेट्रोलचे छिद्र असलेली नळीच खाली सरकते. सुई निमुळती असल्यामुळे तिच्याभोवतीची फट रुंदावते आणि पेट्रोल वाढते. नाव चोकच राहिले, पण आवळले काहीच जात नाही.

याच काळात थंड सकाळ अधिक अवघड होत गेली, आणि त्याला कारण मोटारीचे यशच ठरले. मोटारी वाढल्या तशी पेट्रोलची मागणी वाढली. ती भागवण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखाने खनिज तेलातील अधिकाधिक जड घटक पेट्रोलमध्ये मिसळू लागले. १९१० नंतरचे पेट्रोल हे बेर्थाबाईंच्या लिग्रॉइनपेक्षा सुस्त होते. हँडल मारून हात दुखावण्याच्या तक्रारी जुन्याच होत्या. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीवर आला आणि हँडलची सक्ती हळूहळू संपली. पेट्रोलची वाफ करण्याचा प्रश्न मात्र स्टार्टरने सुटला नाही. त्यासाठी चोक राहिलाच.

भोर घाटातील दोन दुखणी

भोर घाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, रेल्वे १८६३ मध्ये चढली. त्याच घाटात विसाव्या शतकात मोटारी आल्या. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची मोटार म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० बनवायला घेतली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि एक कार्ब्युरेटर. सत्तरच्या दशकात तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. नव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही निवृत्त झाली.

मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने या गाडीतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना घाटातले एक दृश्य आठवत असेल. मे महिन्याची दुपार, बॉनेट उघडून कडेला उभी असलेली गाडी आणि पेट्रोलच्या पंपावर ओले फडके. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरांची चढण. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापते, वारा पुरेसा लागत नाही आणि नळीतील पेट्रोलचीच वाफ होऊ लागते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असतो, वाफ त्याला ढकलता येत नाही. इंजिन भुकेने बंद पडते. ओल्या फडक्यातील पाणी उडून जाताना पंप गार होतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी चालू लागते.

पहाटे लोणावळ्यात पेट्रोलची वाफ होत नाही म्हणून मोटार उठत नाही. दुपारी त्याच लोणावळ्याच्या वाटेवर वाफ नको तेथे होते म्हणून मोटार थांबते. दुखणी दोन, कारण एक. तेलशुद्धीकरण करणाऱ्यांना दोन्ही सांभाळून मिश्रण बनवावे लागते. हलके घटक वाढवले तर घाट अडतो, जड वाढवले तर सकाळ अडते. म्हणूनच थंड देशांत उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे पेट्रोल वेगळे असते.

दोन ओले, दोन कोरडे

आता पुन्हा अंगणात येऊ. भाच्याने पहिला तर्क मांडला: लोणावळा उंचावर आहे, हवा विरळ, म्हणून असे होत असेल. तर्क ऐकायला बरा वाटतो. तो हिशेबाने तपासता येतो. लोणावळ्याची उंची सुमारे ६२० मीटर. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी. साध्या कार्ब्युरेटरात हवा घनतेच्या प्रमाणात घटते, पण ओढले जाणारे पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांनीच. परिणामी मिश्रणात पेट्रोलचा वाटा उलट थोडा वाढतो. थंड इंजिनाला तेच तर हवे असते. हा तर्क बाद.

दुसरा तर्क बॅटरीचा. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि तेलही घट्ट होते, हे खरे. पण इंजिन जोमाने फिरत होते. हाही तर्क बाद. तिसरा तर्क दवाचा. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर ओल आली, तर वीज पाण्यावरून भलतीकडे पळते. पावसाळ्यात लोणावळ्यात हे हमखास घडते. झाकण आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसले, एक प्लग काढून दूर, सुरक्षित जागी ठिणगी पाहिली. निळी, ठसठशीत. तर्क बाद. चौथा तर्क, पेट्रोलच पोहोचत नसेल. विजेचा पंप किल्ली फिरवताच टिकटिकला आणि थांबला. याचा अर्थ कार्ब्युरेटरच्या दोन्ही वाट्या भरल्या होत्या.

या वेळी एका शेजाऱ्यांनी गाडी उतारावर ढकलून सुरू करण्याचे सुचवले. ढकलल्याने कदाचित ती सुरू झालीही असती. चाकांनी फिरवलेले इंजिन स्टार्टरपेक्षा वेगाने फिरते, आणि वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते हे आपण वर पाहिलेच. पण मग कारण कळले नसते आणि दुसऱ्या सकाळी हाच प्रसंग आला असता. दुसऱ्या एका गृहस्थांनी कार्ब्युरेटरच्या तोंडात थोडे पेट्रोल ओतायला सांगितले. ही सूचना आम्ही ठामपणे नाकारली. इंजिनाने उलटा भडका मारला तर ओतणाऱ्याचे हात आणि चेहरा भाजतो.

आम्ही चारही प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले. भाच्याच्याच लक्षात आले: “पहिले दोन ओले आहेत, मागचे दोन कोरडे.”

खरे उत्तर येथे मिळाले. बिघाड साऱ्या इंजिनाचा असता, तर चारही प्लग सारखे दिसले असते. थंडीने चौघांना सारखेच गारठवले होते. दोन-दोनांची विभागणी इंजिनात कोठे आहे? कार्ब्युरेटरांत. पुढचा मुख्यतः पहिल्या दोन सिलिंडरांना पुरवतो, मागचा शेवटच्या दोघांना. चोकची मूठ ओढून पाहिली. पुढच्या कार्ब्युरेटरची नळी खाली सरकली, मागच्याची जागची हलली नाही. दोन्ही तरफांना जोडणाऱ्या कांबीची छोटी पिन वाटेत कोठेतरी गळून पडली होती. ती तपासून घेणे आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते, हा दोष आमचा.

आता साऱ्या घटना जुळल्या. पुढच्या दोन सिलिंडरांना पेट्रोल मिळाले, त्यांनी आचके दिले. मागचे दोन उपाशी होते, त्यांचे ओझे पुढच्यांना ओढवेना. आम्ही स्टार्टर मारत राहिलो, तसे पुढचे दोन प्लग भिजून गेले आणि आचकेही थांबले. उन्हात इंजिन गरम असताना चोक लागतच नाही, म्हणून आदल्या दिवशी काही जाणवले नाही. प्लग पुसून, वाळवून बसवले. कांब तारेच्या तुकड्याने बांधली. दुसऱ्याच प्रयत्नाला इंजिन गुरगुरले, पाठीमागून काळसर धूर निघाला, पेट्रोलचा उग्र वास अंगणभर पसरला. दोन मिनिटांनी स्नेह्यांनी चोक अर्धा आत ढकलला, थोड्या वेळाने पूर्ण. धूर थांबला.

भाचा नाकाला रुमाल लावून म्हणाला, “रोज सकाळी एवढा धूर?”

कायद्याने मिटलेले डोळे

हा प्रश्न आमच्या चार प्लगांपेक्षा मोठा होता. चोक ओढल्यावर कित्येक पट पेट्रोल आत जाते, त्यातले थोडेच नीट जळते. उरलेले अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होते, किंवा न जळता जसेच्या तसे बाहेर पडते. बंद गॅरेजमध्ये थंड मोटार सुरू ठेवणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. पण ‘थंड’ म्हणजे केवळ कडाक्याची थंडी नव्हे. इंजिन आपल्या कामाच्या तापमानाला, म्हणजे ८०-९० अंशांना पोहोचेपर्यंत ते थंडच. मुंबईच्या दमट सकाळीही ते थंडच असते.

धुरावर कायदे झाले तेव्हा मोटारी प्रयोगशाळेत, रुळांवर चालवून तपासल्या जाऊ लागल्या. युरोपीय चाचणीत मोटार आधी कित्येक तास २० ते ३० अंश तापमानाच्या खोलीत उभी ठेवत, म्हणजे इंजिन पूर्ण निवेल. मग ती सुरू करत. मात्र सुरू झाल्यावरचे पहिले ४० सेकंद धूर मोजतच नसत. मोजणी त्यानंतर सुरू होई. चोकचे सर्वांत घाणेरडे क्षण असे हिशेबाबाहेर राहात. २००० साली लागू झालेल्या युरो-३ नियमांनी ही सवलत काढून घेतली. स्टार्टर फिरला त्या क्षणापासून मोजणी सुरू झाली. आपल्याकडे त्याच धर्तीचे भारत स्टेज-३ नियम मोठ्या शहरांत २००५ पासून आणि देशभर २०१० पासून आले. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही संस्था अशा चाचण्यांचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे.

चाळीस सेकंद ही काही मोठी मुदत नव्हे. पण त्यांनी यंत्राचे भवितव्य ठरवले. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून सक्तीचे झाले. ते २५०-३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. त्यामुळे आजच्या मोटारीचे चाचणीतील बहुतेक कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडते. त्या मिनिटांत पेट्रोल अगदी मोजून द्यायचे, तर ते हवेच्या ओढीवर सोपवून चालत नाही.

पर्याय तयारच होता. पेट्रोल दाबाने फवारण्याची यांत्रिक पद्धत १९५४ च्या मर्सिडीज-बेंझ ३००एसएल या स्पोर्ट्स कारमध्ये आली होती. तेथे हेतू वेगाचा होता. १९६७ पासून बॉश कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीत इंजिनाचे तापमान मोजून पेट्रोल ठरवणे आणि थंड सुरुवातीसाठी वेगळा फवारा देणे सुरू झाले. १९७६ मध्ये व्होल्वोने धुरातील ऑक्सिजन ओळखणारा संवेदक बसवला. आपल्याकडे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी कडक नियमांच्या तारखा ठरवून दिल्या आणि पुढच्या काही वर्षांत नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर नाहीसा झाला. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-६ नियमांनंतर नव्या मोटारसायकलींतूनही तो जवळजवळ गेला. चोकची मूठ गेली म्हणजे चोकचे काम गेले असे नव्हे. भाच्याच्या गाडीतही थंड सकाळी जास्तीचे पेट्रोल जाते. फरक एवढाच, की किती आणि किती वेळ हे माणूस अंदाजाने ठरवत नाही, तापमान मोजून यंत्र ठरवते.

सांगायचा मुद्दा असा. चोक हा वाईट शोध नव्हता. त्याने सव्वाशे वर्षे माणसांना थंड सकाळी घराबाहेर पडू दिले. पण त्याची किंमत किती, हे जोवर कोणी मोजले नाही, तोवर ती किंमत नाहीच असे सारे धरून चालले. मोजणी सुरू झाली आणि वीसेक वर्षांत यंत्र बदलले.

उसाचे इंधन आणि जुना प्रश्न

हा प्रश्न आता नव्या रूपात परत आला आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. त्यातला काही वाटा उसाचा, म्हणजे महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला हवा कमी लागते: एका किलोला सुमारे ९ किलो. वाफ होण्यास मात्र पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते. मघाचा हिशेब वीस टक्के मिश्रणासाठी केला, तर हवा २४ ऐवजी सुमारे ३४ अंशांनी निवते. निव्वळ इथेनॉलसाठी हा आकडा शंभराच्या घरात जातो. हलक्या घटकांबरोबर मिसळल्यावर इथेनॉल मिश्रणाचा बाष्पदाब थोडा वाढवतेही, त्यामुळे परिणाम सरळ रेषेत नाही. पण ज्याचे छिद्र शुद्ध पेट्रोलसाठी कोरले आहे, त्या जुन्या कार्ब्युरेटरातून मिश्रण सुमारे ८ टक्के अधिक हवेचे, म्हणजे ‘पातळ’ जाते. नव्या गाडीतला ऑक्सिजन-संवेदक हे ओळखून दुरुस्ती करतो. जुन्या मोटारीला ती दुरुस्ती मालकाने पान्याने करावी लागते, आणि जुने रबरी भागही बदलावे लागतात.

ब्राझीलने हा अनुभव आधीच घेतला आहे. तेथे १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ आली. आपल्या घाटातील फियाटचीच ही धाकटी बहीण. इथेनॉलची वाफ साधारण १३ अंशांखाली पेट घेण्याइतकी साचतच नाही. म्हणून तेथल्या अशा मोटारींत बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी ठेवावी लागे, फक्त थंड सकाळच्या सुरुवातीसाठी. ११ अंशांच्या आमच्या अंगणात तिचीही गरज पडली असती.

वर्गात काय करता येईल

कार्ब्युरेटर रस्त्यावरून जात असला, तरी शाळेत येण्याची त्याची हीच वेळ आहे. तळेगाव, लोणावळा किंवा पुण्यातल्या कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात मोटारसायकलचे निकामी कार्ब्युरेटर सहज मिळतात. तो पूर्ण कोरडा आणि स्वच्छ करून वर्गात आणावा. वाटी, तरंगणारा गोळा, छिद्र, सुई, चोकची झडप, सारे बोटाने दाखवता येते. वर्गात पेट्रोल आणू नये, त्याची गरजही नाही.

दाबासाठी चित्रकलेच्या तासाला वापरतात ती फुंकणी किंवा शीतपेयाच्या दोन नळ्या पुरतात. एक नळी पाण्यात उभी, दुसरीतून तिच्या तोंडावर जोराने फुंकर. हळू फुंकले तर पाणी चढत नाही, जोराने फुंकले तर फवारा उडतो. थंड इंजिनात स्टार्टर हळू फुंकर मारतो, हे मुलांना त्यावरून लगेच पटते. वाफेमुळे येणाऱ्या गारव्यासाठी तापमापकाच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळून पंख्याखाली धरावा आणि दर मिनिटाला आकडा लिहावा. हाच प्रयोग ऑगस्टमध्ये आणि पुन्हा जानेवारीत करावा. मावळातल्या पावसाळी हवेत आकडा फारसा उतरणार नाही, कोरड्या हिवाळ्यात चांगला उतरेल. का, हे मुलांनाच विचारावे.

आणि चार प्लगांचे कोडे फळ्यावर मांडावे: दोन ओले, दोन कोरडे, तर बिघाड कोठे? हे कोडे सोडवायला मोटार ठाऊक असण्याची गरज नाही. जे चौघांना समान आहे ते कारण असू शकत नाही, एवढे सुचले की पुरे.

तळेगावजवळ २००८ मध्ये जनरल मोटर्सचा मोटार कारखाना सुरू झाला. २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले आणि पुढे तो ह्युंदाईने घेतला. मावळातील ज्या मुलांचे शेत कधीकाळी बैलगाडीच्या वाटेवर होते, ती आज अशा कारखान्यांत कामाला जातात. त्यांच्या हाताखालच्या यंत्रात चोकची मूठ नसेल. थंड सकाळ मात्र असेल, पेट्रोलची वाफही असेल आणि ती किती होते हे मोजणारा संवेदक एखाद्या दिवशी चुकतही असेल. त्या दिवशी प्लग काढून ओळीने मांडण्याची बुद्धी ज्याला होईल, त्याला मोटार सुरू करता येईल.

आमच्या स्नेह्यांची मोटार त्या दिवशी दुपारी पुण्याला नीट पोहोचली. तारेचा तुकडा दुसऱ्या दिवशी काढून नवी पिन बसवली. भाच्याने जुना कोरडा प्लग मागून घेतला. तो त्याच्या टेबलावर आहे असे ऐकतो.